गळ्यातली सुरी

त्या दिवशी सकाळपासून उकडत होतं. आभाळ भरलेलं, पण झाडाचं पानही हलत नव्हतं. फार मागची गोष्ट आहे ही, जनावरं बोलायची तेव्हाची.

चिंचेवर दात पडलेला एक म्हातारा वानर राहायचा. कुणा धनगराची पडलेली बोटभर सुरी त्याला पाणवठ्यावर सापडली होती. चामड्याच्या म्यानासकट ती तो गळ्यात घालून हिंडे. कुणी फळ चिरायला मागितली, तर म्हणे, "धार जाईल रे. ही वेळप्रसंगाला ठेवलीय."

सुरी आतून म्हणायची, "बाबा, तुझा घाम मुरतोय या म्यानात. मला रोज बाहेर काढ, पूस, काहीतरी कापू दे."

"गप पड. तुला जपतोय ना मी?"

त्या दिवशी शेजारची हरिणी धापा टाकत आली. "भाऊजी, चला लवकर! पाडस फासात अडकलंय, अन् शिकारी टेकडी उतरतोय!"

वानर धावला. पाडसाजवळ बसून त्यानं सुरी ओढली. ती हलेना. म्यान गुडघ्यात धरून जोर लावला, तर नुसती मूठ हातात आली. गंजलेलं पातं आतच राहिलं. तेवढ्यात शिकारी आला आणि पाडस खांद्यावर टाकून घेऊन गेला.

संध्याकाळी वानर हरिणीपुढं मान खाली घालून बसला. "मी जपली गं तिला," एवढंच बोलला.

हरिणी रागावली नाही. म्हणाली, "भाऊजी, घुशीचं बीळ त्या फासाला लागूनच होतं. तिनं दोर कुरतडला असता. पण तुमच्या गळ्यात सुरी दिसायची, म्हणून मी तिला हाकच मारली नाही."