तळहाताएवढी जागा

महामार्गालगत, नव्या मालमोटारींची रंगकामे जिथे चालतात अशा एका वस्तीत, एकदा एक वृद्ध कारागीर आपल्या शिष्यासह काम करीत असे. रंग देणे हे त्याचे काम नव्हते. दुसऱ्यांनी दिलेल्या रंगाला उजाळा द्यायचा आणि त्यावर रक्षणाचा पारदर्शक लेप चढवायचा, एवढेच तो करी. ट्रकवाले या लेपाला कोटिंग म्हणत. तो नीट बसला की पाणी, चिखल, पक्ष्यांची विष्ठा, काहीच रंगाला धरत नसे; पाण्याचा फवारा मारला की निघून जाई. वृद्धाला सारे आबा म्हणत. शिष्याचे नाव भास्कर.

आबांची शिकवण थोड्या शब्दांची होती. गाडी धुऊन पुसून झाली की ते पत्र्यावरून तळहात फिरवीत, आणि जिथे कण लागे तिथे थांबत. भास्करने ती जागा घासावी, आबांनी पुन्हा हात फिरवावा. "लेप खालचं झाकत नाही," ते म्हणत. "खाली जे असेल ते कायम करतो. ओरखडा राहिला, तर ओरखडाच जपला जाईल."

भास्कर मेहनती होता. त्याचा हात लवकरच गुरूच्या हाताइतका स्थिर झाला, आणि वस्तीत त्याचे कौतुक होऊ लागले. कौतुकाची त्याला गोडी लागली. कोणी चूक दाखवली तर तो हसून "बघतो" म्हणे, आणि पाहत नसे. आबांनी हे पाहिले होते.

एक गोष्ट मात्र भास्करला खटकत असे. नव्या गाडीला लेप देताना समोरच्या काचेखालचा पत्रा आबा नेहमी स्वतःकडे घेत, आणि त्या पत्र्याच्या मध्यभागी तळहाताएवढी जागा कोरी सोडीत. पत्रा कोरडा असताना ती दिसत नसे. पाणी शिंपडले की दिसे: बाकीच्या पत्र्यावर थेंबांचे मोती होऊन ओघळत, तेवढ्या जागी पाणी पसरून राही. प्रथम भास्करला वाटले, विसर पडला असेल. पुढच्या गाडीवरही ती जागा तशीच दिसली, तेव्हा त्याने ठरवले की आबांची नजर गेली.

त्या सुमारास दामोदर नावाचा एक चालक आपली गाडी घेऊन आला. उभे आयुष्य त्याने दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या होत्या. ही त्याची स्वतःची पहिली. गर्द निळा रंग, मागे नवी कोरी लाकडी बॉडी. तो गाडीभोवती फिरताना चपला काढून फिरत होता.

लेपाचे काम संपत आले तेव्हा भास्करने आबांना ती जागा दाखवली.

"आबा, इथं राहिलंय."

"राहू दे."

"अहो, नवी गाडी आहे. उद्या मालक म्हणेल, काम अर्धवट सोडलं."

"म्हणू दे."

भास्करने फडके खाली ठेवले. पण चहाच्या टपरीवर शेजारचा टायरवाला त्याला म्हणाला, "काय भास्करशेठ, आता सगळं तूच बघतोस म्हणे. म्हातारा नुसता हात फिरवतो, आशीर्वाद दिल्यासारखा." लोक हसले. भास्करला राग आला, आणि रागाच्या तळाशी थोडे सुखही वाटले. दुपारी आबा नित्याप्रमाणे डोळे मिटून नामस्मरणाला बसले असता त्याने लेपाची बाटली उघडली आणि ती कोरी जागा भरून टाकली. गुरूची उणीव आपण झाकली, असे त्याने मनाशी म्हटले. त्यात माया होती. मायेहून थोडा अधिक अभिमान होता.

नव्या गाडीची पूजा बहुधा मालकाच्या दारी किंवा गावच्या देवळापुढे होते. लेप देणाऱ्याला ती पाहायला मिळत नाही. परंतु दामोदरला पहिला माल मिळाला होता. द्राक्षे खुडून पेट्यांत भरून तयार होती, आणि ऊन वाढण्याआधी गाडी शेतावर पोहोचायला हवी होती. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आबांच्याच अंगणात ठरली. दामोदरची पत्नी अनुसया ताट घेऊन आली. दोनचार ओळखीचे चालक आले, शेजारचा टायरवालाही आला.

अनुसयेचा धाकटा भाऊ याच धंद्यात होता. घाटात त्याची गाडी दरीत गेली, ती पुन्हा वर आली नाही. नवऱ्याने स्वतःची गाडी घ्यावी याला ती राजी नव्हती. शेवटी तिने एका अटीवर होकार दिला होता: गाडी रस्त्यावर निघण्याआधी तिच्यावर आपल्या हाताने कुंकवाचे स्वस्तिक काढायचे, आणि ते काढल्यावाचून चाक हलवायचे नाही. दामोदरने शब्द दिला होता.

नारळ ठेवला गेला, उदबत्ती लागली. अनुसयेने ओल्या कुंकवात बोट बुडवून काचेखालच्या पत्र्यावर, बरोबर मध्यभागी, पहिली रेघ ओढली. रेघ उमटली नाही. कुंकवाचे पाणी थेंबाथेंबांत तुटले आणि घसरत खाली आले. तिने पुन्हा बोट बुडवले. पुन्हा तेच. निळ्या पत्र्यावरून तांबडे ओघळ उतरले आणि बंपरवरून मातीत पडले. मागे पत्रा जणू काही झालेच नाही असा स्वच्छ चमकत राहिला.

"वहिनी, जरा घट्ट कालवा की," एक चालक म्हणाला. "गाडी इतकी गुळगुळीत केलीय, माशीसुद्धा घसरून पडेल." दोघे हसले, मग अनुसयेचा चेहरा पाहून थांबले.

तिने ताट खाली ठेवले. "ही गाडी माझं कुंकू घेत नाही," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता.

"अगं, कोटिंग आहे ते," दामोदर म्हणाला. "पाणी धरत नाही. त्याचेच तर आपण पैसे दिले."

"असेल. मी पाहिलं ते पाहिलं."

"माल खोळंबलाय तिकडं. शेतकरी वाट बघतोय."

"दुसऱ्या कोणाची गाडी पाठवा. तुम्हांला हिच्यात बसू देणार नाही मी."

दामोदरने चालकांकडे पाहिले. ते जमिनीकडे पाहू लागले. त्यांनाही घाटातून जायचे असते. टायरवाला तेवढ्यात हलकेच मागे सरकला.

आबा पुढे आले. त्यांनी पत्र्यावरून तळहात फिरवला, मध्यभागी थांबवला, आणि एकवार भास्करकडे पाहिले. आत जाऊन त्यांनी घासायच्या मलमाचा डबा आणि फडके आणले. मग त्या लखलखीत नव्या गाडीचा दर्शनी पत्रा, सगळ्यांच्या देखत, ते घासू लागले. चमक हटली. निळ्या रंगावर दुधट, निस्तेज डाग पडला.

"आबा, काय करताय," दामोदर पुढे धावला. "अजून एक मैल चालली नाही ती."

आबांचा हात थांबला नाही. ते अनुसयेला म्हणाले, "बाई, गाडीने तुमचं काही नाकारलेलं नाही. इथे तुमच्या हातासाठी वाट ठेवली होती. ती माणसाच्या हाताने बंद झाली."

"कोणाच्या?" तिने विचारले.

आबा घाशीत राहिले. भास्करला ठाऊक होते की आबा नाव घेणार नाहीत. हेही ठाऊक होते की दोष तसाच राहिला तर सारे तो आबांच्या वयावर ढकलतील, आणि आपल्या अंगाला काही चिकटणार नाही.

"माझ्या, ताई," तो म्हणाला. "आबांनी जागा सोडली होती. राहू दे म्हणाले, तरी त्यांची चूक झाली असं मला वाटलं, म्हणून त्यांना न सांगता मी ती भरली."

अनुसयेने त्याच्याकडे पाहिले. ती नजर त्याने चुकवली नाही, आणि हसून "बघतो" असेही म्हटले नाही. आबांनी फडके त्याच्या हाती दिले. आपण चढवलेले आपणच उतरवणे सोपे नव्हते. चढवायला एक क्षण पुरला होता. घामाचे थेंब पत्र्यावर पडत होते. आरंभी ते घरंगळून जात. मग एक थेंब पडला तो पसरला. आबांनी ते पाहिले आणि "पुरे," म्हणाले.

भास्करने स्वच्छ फडक्याने जागा पुसून दिली. अनुसयेने ताट उचलले. या वेळी रेघ उमटली आणि राहिली. तिला जोडून दुसरी. स्वस्तिक पुरे झाल्यावर तिने चार ठिपके दिले, तळहात पत्र्यावर टेकवला आणि काही वेळ तसाच ठेवला. ती भावाशी बोलत होती की देवाशी, हे कोणी विचारले नाही. मग ती नवऱ्याला म्हणाली, "जा. सावकाश जा." जाताना भास्करपाशी थांबून तिने त्याच्या हातावर प्रसादाची साखर ठेवली.

गाडी वळणाआड गेल्यावर भास्करने विचारले, "आबा, तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"तू विचारलं नव्हतंस," आबा म्हणाले. "तू मला चूक दाखवून दिली होतीस."

भास्कर मान खाली घालून उभा राहिला. तेव्हा आबा जे बोलले, तेवढे दीर्घ ते त्याच्याशी पूर्वी कधी बोलले नव्हते.

"रक्षण करावं. ऊन, चिखल, डांबर बाहेरच राहावं, यासाठी देवाने आपल्या हाताला हे काम दिलं. पण लेपाला चिखल आणि कुंकू यांतला भेद कळत नाही. तो दोन्ही सारखेच परतवतो. हा भेद माणसाला कळतो, म्हणून जागा माणसाने सोडायची असते. एवढ्या जागी चिखलही धरेल, रंगही आधी उतरेल. ती किंमत द्यावी लागते. आणि ऐक. लोकांच्या कौतुकाने तुझ्यावरही असाच लेप चढत होता. मी बोललो की ओघळून जात होतं. मी तुझ्यावर कोरी जागा शोधत होतो. आज ती दिसली."

फाटकाशी पुढची गाडी येऊन उभी होती. तिचा मालक आपल्या वृद्ध आईला आधार देत केबिनमधून खाली उतरवीत होता. भास्करने बादली उचलली, दोन पावले गेला आणि मागे वळला.

"आबा, जागा किती सोडायची?"

कामाविषयी त्याने विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

"ज्याच्यासाठी सोडायची," आबा म्हणाले, "त्याचा हात पाहून."

भास्करने बादली खाली ठेवली आणि तो आधी त्या म्हातारीला नमस्कार करायला गेला.

जगाचे डाग आपल्याला लागू नयेत म्हणून आपण स्वतःला नित्य जपतो. कोणा आप्ताचे बोट उमटेल एवढी जागा अंगी उरली आहे काय, हेही ज्याचे त्याने चाचपून पाहावे.