धोंडबाची चौकोनी खोली

माणसं माळावर नुकती कुठे घरं बांधू लागली होती, तेव्हाची गोष्ट. तिथल्या एका टेकाडाच्या पोटात धोंडबा साळिंदर, त्याची बायको सखू आणि दोन पिल्लं राहत होती. त्यांच्या बिळाचं छत कमानीसारखं गोल होतं.

एकदा धोंडबा माणसाच्या रिकाम्या घरात डोकावून आला आणि आल्या आल्या पंजांनी छत खरवडू लागला.

"अहो, हे काय चालवलंय?" सखूने विचारलं.

"गोलाईमुळे कोपऱ्यांची जागा वाया जाते. आता बघ, खोली कशी चौकोनी करतो, छत कसं सपाट करतो!"

खोली खरंच ऐसपैस झाली. सखूलाही आवडली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पिल्लांना आत निजवून दोघं बिळाच्या तोंडाशी मुळं कुरतडत बसली होती. टेकाडावरून गुरांचा कळप गेला आणि आत धप्पकन आवाज झाला. खोलीच्या जागी नुसता मातीचा ढीग!

धोंडबा जागीच थिजला. सखू किंचाळत माती उकरू लागली, तेव्हा कुठे त्याचे पंजे हलले.

पिल्लं सापडली ती ढिगापलीकडच्या बोळात, थरथरत एकमेकांना चिकटलेली. जाग आल्यावर ती खेळत तिकडे गेली होती. त्या बोळाचं छत गोलच होतं. धोंडबाला ते खरवडायला अजून सवड झाली नव्हती.

पिल्लांना चाटून झाल्यावर सखूने विचारलं, "त्या माणसाचं छत कशावर टेकलं होतं हो?"

धोंडबाने आठवून पाहिलं. त्याच्या अंगावरचे काटे ताठ उभे राहिले.

"खाली जाड लाकडं होती," तो पुटपुटला. "मला वाटलं, शोभेला लावलीत."