मुंगीची कुरतडलेली चवळी

समुद्राकाठी एक घर. घराला उंबरा. उंबऱ्याखाली राहायची एक मुंगी. तिचं नाव टिंबू.

टिंबूला सापडली एक चवळी. पांढरी चवळी, काळा डोळा. टिंबूने ती कडेला जराशी कुरतडली. कुटुक! "बाकीची दुपारी खाईन."

दारात येसूकाकी सुपात चवळी निवडत होती. टिंबूची चवळी घरंगळली. टुणुक टुणुक, सुपात! काकीने सूप उचललं. सळसळ, पातेल्यात!

"काकी, काकी, माझी चवळी!"

"अगंबाई! आता कशी गं काढू? पातेलं चुलीवर चढलं. आज चवळी, भात नि कोळंबी कालवून कोशिंबीर. पहिला घास उंबऱ्यावर, मग आम्ही जेवणार, असा माझा नेम आहे. त्या घासात तुझी चवळी देईन हो. पण धर्मामामांची कोळंबीच नाही आली!"

टिंबू निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. वाळूत होडीपाशी धर्मामामा बसले होते.

"मामा, मामा, कोळंबी आणा.
कोळंबी येईना,
काकी वाढेना,
माझी चवळी मिळेना!"

"मी नाही जाणार. होडी रुतलीय वाळूत. समुद्र चढू दे, मग बघू."

टिंबू निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

"समुद्रबाबा, समुद्रबाबा, चढा.
होडी हलेना,
कोळंबी येईना,
काकी वाढेना,
माझी चवळी मिळेना!"

"मी नाही चढणार. आज नारळी पौर्णिमा. माझा नारळ कुठाय? नारळ नाही, तर भरती नाही."

टिंबू निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

"माडदादा, माडदादा, नारळ पाडा.
समुद्र चढेना,
होडी हलेना,
कोळंबी येईना,
काकी वाढेना,
माझी चवळी मिळेना!"

"मी नाही पाडणार. शेंड्यात भुंगा बसलाय. कुर्र कुर्र पोखरतोय. आधी त्याला उठव बाई."

टिंबू चढली. वर, वर, आणखी वर.

"भुंग्या, भुंग्या, ऊठ.
नारळ पडेना,
समुद्र चढेना,
होडी हलेना,
कोळंबी येईना,
काकी वाढेना,
माझी चवळी मिळेना!"

"मी नाही उठणार! केवढीशी मुंगी, केवढी तिची ऐट! जा जा!"

टिंबू दमली होती. भूकही लागली होती. तिकडे काकीही उपाशीच होती. टिंबूने पाय जोडले. "देवा, दातांत बळ दे." आणि चावली. चुटुक!

"आई गं!" भुंगा उडाला. भुर्र!

माड डुलला. नारळ पडला. धप्प! आणखी एक पडला. धप्प! पहिला गडगड गडगड समुद्रात गेला. समुद्र चढला. होडी हलली. मामा गेले, कोळंबी आली. दुसरा नारळ मामांनी काकीलाच दिला.

काकीने कोळंबी सोलली. उकडली. गार केली. चवळीत भात घातला, भातात कोळंबी घातली. वर खोबरं, मीठ, लिंबू. छान कालवलं. आणि पहिला घास उंबऱ्यावर ठेवला.

टिंबूने पाहिलं. "काकी, ही माझी नव्हे. माझी कुरतडलेली होती."

"अगं, चवळी ती चवळी!"

"नाही. माझी ती माझी."

काकीलाही भूक लागली होती. तरी ती पळी घेऊन शोधायला बसली. ही नाही. ही नाही. ही पण नाही. "ही बघ गं!"

पांढरी चवळी, काळा डोळा, कडेला कुरतडलेली!

टिंबूने ती खाल्ली. कुटुक कुटुक. मग मामा जेवले. मग काकी जेवली.

टिंबूचा घास पोचला उंबऱ्यावर, तसा तुमचा पोचो तोंडात. आ करा बघू!