कपाटातली पाण्याची देवी

“उष्टी झालेली देवी पुन्हा पवित्र कशी करायची, बाबा?”

प्राध्यापक शेषराव ठोसरांनी बसायच्या आधीच विचारलं.

अचलपूरच्या वेशीबाहेर, चिंचेखाली, करीमबाबा फकिराचा तकिया, त्यांची राहती झोपडी, होता. बाबा चुलीत काटक्या सारत होते. त्यांनी मान वर केली. मास्तर एकटे आले नव्हते. मागे त्यांची पत्नी कुंदाबाई उभ्या होत्या. हातात कपड्यांची पिशवी. ओठ घट्ट मिटलेले.

“बस, मास्तर. माय, तू बी बस. कोणती देवी उष्टी झाली?”

ठोसरांनी टॉवेलची घडी उलगडली. आतून चिनीमातीचा मग निघाला. निळसर हिरवा. त्याच्या एका अंगाला मूर्ती उठून आली होती. गुडघे टेकून बसलेली बाई, डोक्याला गोंड्यांचा मुकुट, ओठ जरासे उघडे.

“मेक्सिकोहून आणलाय. तिथल्या जुन्या अ‍ॅझटेक लोकांची ही देवी. दगडी शिल्पाची हुबेहूब नक्कल. चाल्चिउत्लिक्वे.”

“काय?”

“चाल्चि-उत-लिक्वे.”

बाबांनी म्हणून पाहिलं. जीभ अडखळली. पुन्हा म्हणून पाहिलं, पुन्हा अडखळली, आणि ते स्वतःलाच खो-खो हसले. कुंदाबाईंच्या ओठांचा कोपरा हलला.

“नाव राहू दे, राजा. करते काय ही?”

“नद्या, तळी, झरे, सगळं तिचं. पाण्याची देवी.”

“अन् राहते कुठी?”

“माझ्याकडे. काचेच्या कपाटात. धुळीचा कण बसू देत नाही मी. येईल त्याला दाखवतो, माहिती सांगतो. परवा पाहुण्यांना दाखवून टेबलावर ठेवला, आणि हिनं...”

“मी उन्हातून आले होते,” कुंदाबाई म्हणाल्या. “तहानेनं जीव चालला होता. हाताला आला तो घेतला, माठातलं पाणी ओतलं नि प्याले. हे म्हणाले, अडाणी आहेस. पाहुण्यांदेखत.”

त्यांनी पिशवी जवळ ओढली.

“मी भावाकडे निघालेय, बाबा. यवतमाळला.”

“तुम्हीच सांगा तिला,” ठोसर म्हणाले. “देवीला असं तोंड लावतात का?”

बाबांनी ठोसरांच्या हातातून मग घेतला.

ते उठले. रांजणाशी गेले. मग काठोकाठ भरून आणला. बाबा देवीला स्नान घालणार, असं ठोसरांना वाटलं. त्यांनी हात जोडले.

बाबांनी मग कुंदाबाईंपुढे धरला.

“पी, माय.”

“बाबा!” ठोसर अर्धे उठले.

“तू बस. तिच्यासमोर बस. अन् पाहाय.”

कुंदाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. उजव्या हाताने मगाचा कान धरला, डावा तळाशी लावला, आणि तो ओठांना लावला. मूर्ती आपसूक ठोसरांकडे वळली.

ती मूर्ती ठोसरांनी किती वेळा न्याहाळली होती. भिंग लावूनसुद्धा. पण आज गोंड्यांच्या मुकुटावर कुंदाबाईंचे दोन डोळे होते. अर्धे मिटलेले. घोटागणिक सैलावणारे.

पाण्याचा एक थेंब काठावरून सुटला आणि देवीच्या गालावरून ओघळला.

ठोसर पाहत राहिले...

मग रिकामा झाला. कुंदाबाईंनी तो खाली ठेवला. ठोसरांनी तो उचलला, पण टॉवेलकडे हात नेला नाही. रांजणाशी गेले. भरून आणला.

“आणखी घेतेस?”

कुंदाबाईंनी आता मात्र वर पाहिलं.

“त्या दिवशी फार वाईट बोललो मी,” ठोसर म्हणाले.

“हो. बोललात.”

“चुकलं माझं.”

“तुम्ही प्या आधी. तुम्हीही उन्हातूनच आलात.”

ठोसरांनी तो मग दोन्ही हातांत धरला. क्षणभर घुटमळले. डोळे मिटले आणि प्यायले, घटाघटा, हनुवटीवरून पाणी गळेपर्यंत.

समोर कुंदाबाईंनी पदर तोंडाला लावला. तरी हसू फुटलंच.

“काय झालं?”

“अहो, तुमच्या झुपकेदार मिशा... बरोब्बर तिच्या डोक्यावर! बाबा, बघा ना, मुकुटावर मुकुट!”

बाबांनी वाकून पाहिलं. त्यांना हसता हसता ठसका लागला. ठोसर मगाआडून काही सांगू गेले, पाणी नाकात गेलं, आणि तेही शिंकत, खोकत, हसत सुटले. चिंचेवरचे पोपट कलकलत उडाले.

बाबांनी चहा केला. तो पिऊन होईतो सावल्या लांबल्या. यवतमाळचं नाव कुणी काढलं नाही. निघताना ठोसरांनी बायकोची पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली, रिकामा मग पुसला आणि बाबांपुढे ठेवला.

“हा तुमच्याकडेच राहू द्या, बाबा. माझ्या कपाटापेक्षा इथं शोभेल.”

बाबांनी तो मग उचलला. उलटसुलट करून पाहिला. कुंदाबाईंच्या हातात दिला.

“मी तं एकटाच पेतो, राजा. समोर बसाले कोणी नाही. देवी दिसन कोणाले?”