वानराने पाडलेली खिडकी

ओढ्याच्या अंगाने वाढलेलं एक जंगल होतं. तिथे अर्जुनाच्या उंच झाडावर एक सर्पगरुडीण राहायची. डोळे हळदीसारखे पिवळे, डोक्यावर काळ्या-पांढऱ्या पिसांचा तुरा, आणि खाणं म्हणाल तर साप. दुसऱ्या पाखरांची तीन-तीन, चार-चार अंडी असतात, हिचं वर्षाला एकच. बाळांनो, एवढं ध्यानात ठेवा. ते एक गेलं की तिचं सगळं वर्ष गेलं.

फाल्गुनात ती अंड्यावर बसली आणि इकडे पाणवठ्यावर कुजबुज सुरू झाली. "ती आपली पिल्लं उचलून नेते म्हणे," खार म्हणाली. कोणी पाहिलं होतं? कोणीच नाही. पाणवठ्याचा कारभार म्हाताऱ्या गव्याकडे होता. तो म्हणाला, "ऐकीव गोष्टीवर मी कोणाला जंगलाबाहेर काढणार नाही. कोणीतरी नीट बघा आणि मला सांगा."

तेव्हा रातवी पुढे आली. रातवी म्हणजे वाळक्या पानांच्या रंगाचं पाखरू. दिवसभर पाचोळ्यात अशी गप्प बसते, की शेजारून गेलात तरी कळायचं नाही. "मी त्या अर्जुनाखालीच असते, मी सांगेन," ती म्हणाली. यावर वानर पोट धरून हसला. "रातवीबाई, तुला स्वतःला घरटं बांधता येत नाही. भुईवर अंडी घालतेस. तू घरट्यातलं काय सांगणार? हे माझं काम." सगळ्यांनी माना डोलावल्या. का, तर त्याचा आवाज मोठा आणि बसायची फांदी उंच.

वानर शेजारच्या झाडावर जाऊन बसला. गरुडिणीने घरटं दाट पानांत बांधलं होतं. कावळ्याला दिसू नये, ऊन लागू नये, म्हणूनच बांधलं होतं ना? पण वानर खारीला म्हणाला, "खारूताई, या पानांमुळे मला काही दिसत नाही. तुझे दात चांगले आहेत. तेवढ्या चार डहाळ्या तोड. छोटीशी खिडकी हवी, जास्त नको." खारीला मोठ्यांच्या कामात आपला हात लागल्याचं कौतुक वाटलं. तिने कराकरा डहाळ्या कुरतडल्या. दुसऱ्या दिवशी वानराला खिडकी लहान वाटली. तिसऱ्या दिवशी आणखी लहान. चौथ्या दिवशी तर त्या बाजूला पानच उरलं नाही.

गरुडीण हिरवी पानं चोचीत आणून घरट्यात घालायची. ती उडाली की वानर जाऊन ती पानं काढून टाकायचा, कारण पानांखाली अंडं दिसत नव्हतं. एव्हाना चैत्र लागला होता. अंड्यावर ऊन पडू नये म्हणून ती बिचारी दुपारभर पंख पसरून उभी राहायची. आणि हा आपला रोज एक फांदी पुढे सरकायचा. तो जवळ आला की ती घाबरून उडायची. मग हा स्वतःशी म्हणायचा, "आज तीनदा घरटं सोडलं. आज पाचदा." किती वेळा सोडलं ते याने बरोब्बर मोजलं. कोणामुळे सोडलं, ते मोजायची बुद्धी मेल्याला झाली नाही.

नवव्या दिवशी ती उडाली ती परत आलीच नाही. अंडं उन्हात तापत राहिलं.

दहाव्या दिवशी सगळे पाणवठ्यावर जमले. वानर ऐटीत आला. त्याच्या हातात काय होतं सांगू? ते अंडं.

"नऊ दिवस मी डोळ्यांत तेल घालून बघितलं," तो म्हणाला. "सर्पगरुडीण अंडं उबवत नाही. नुसती पंख पसरून उभी राहते. उगाच पानं आणून घरटं सजवत बसते, आणि शेवटी अंडं टाकून निघून जाते. स्वतःच्या अंड्याची जिला माया नाही, ती तुमची पिल्लं सोडेल होय? हा घ्या पुरावा."

आणि ऐका, सगळ्यांनी वाहवा केली. सर्वांत मोठ्याने खारीने केली. अंडं तुझ्या हातात आलं कसं, असं विचारणारा एक मायेचा पूत त्या घोळक्यात निघाला नाही.

रातवी मात्र बोलली. "गवेदादा, मी फाल्गुनापासून खाली बसले आहे. ती रात्रंदिवस अंड्यावर बसायची. तिचा गरुड साप घेऊन यायचा. साप अर्धा त्याच्या पोटात आणि शेपूट चोचीबाहेर. ती शेपूट धरून ओढून घ्यायची आणि पुन्हा अंड्यावर बसायची. या सगळ्या दिवसांत खारीचा एक केससुद्धा त्या घरट्यात गेला नाही. वानर आला आणि त्याने पानं तोडायला लावली. मग ती उडायला लागली."

"तुझ्याकडे पुरावा काय?" वानराने विचारलं.

"मी कशाला हात लावला नाही. पुरावा कुठून आणू?"

"मग गप्प बैस."

गव्याने घोळक्याकडे पाहिलं. घोळका वानराच्या बाजूने होता. गवा म्हणाला, "वानराने मेहनत केली आहे. त्याचंच खरं धरू. गरुडिणीने या जंगलात राहू नये."

वानराची छाती फुगली. तो म्हणाला, "आता माझा हात बसला आहे. उद्यापासून मी खारीच्या घरट्याचा अभ्यास करतो. आत पिल्लं आहेत असं ऐकतो. वरचं गवत आणि साली तेवढ्या काढून ठेव, खारूताई."

खारीची वाहवा घशातच राहिली. "नको, वानरदादा. माझी पिल्लं अजून डोळे मिटलेली आहेत. उघड्यावर ती मरतील."

"अगं, छोटीशी खिडकी हवी, जास्त नको."

तेव्हा कुठे खारीला कंठ फुटला. ती गव्याच्या पायाशी धावली आणि म्हणाली, "रातवी सांगते ते सगळं खरं आहे. त्या डहाळ्या मी या दातांनी तोडल्या. वानर जवळ सरकेपर्यंत गरुडीण अंड्यावरून हलत नव्हती, हे मी रोज पाहत होते." तोवर काय तोंडात मिठाची गुळणी धरली होती हिने? दुसरीचं अंडं उन्हात पडलं तेव्हा वाहवा, आणि आपल्या पिल्लांवर आलं तेव्हा खरं आठवलं.

गव्याने मान खाली घातली. "वानराने यापुढे कोणाच्या घरट्याच्या झाडावर पाय ठेवायचा नाही. आणि गरुडिणीला सांगा, तिने खुशाल इथे राहावं. आमचं चुकलं."

पण सांगणार कोणाला? आभाळात फार उंचावर दोन गरुड ओढ्याच्या वरच्या अंगाला निघाले होते. ते त्या जंगलात पुन्हा उतरले नाहीत. अंडं वानराच्या हातात तसंच होतं. ते घ्यायला कोणी हात पुढे केला नाही, आणि ते ठेवावं कुठे, हे त्यालाही कळेना.

तात्पर्य : ज्याला दुसऱ्याचा संसार बघायचा आहे, त्याने दूर बसून, कशाला हात न लावता बघावं. आपणच मोडलेल्या घराकडे बोट दाखवून घरधनिणीला नावं ठेवणारा जाणता नव्हे, तो गुन्हेगार. आणि डोळ्यांनी बघूनही त्याची वाहवा करणारे त्याचे साथीदार.