सतरा अटींचं घर

एका कसब्यात एक घरमालकीण होती. तिला भाडेकरू हवा होता, पण भाडेकरू म्हणजे जितंजागतं माणूस असतं, हे काही केल्या तिला पटत नव्हतं.

तिचं मागेपुढे कोणी नव्हतं. होतं नव्हतं ते एवढं एक घर. खाली ती राहायची आणि माडीवरच्या दोन खोल्या भाड्याने द्यायच्या होत्या. त्या कसब्याचा कायदा सोपा होता. घर देण्याआधी येणाऱ्याला विचारायचं, नाव काय, आधी कुठे राहत होता, इथे तुम्हाला कोण ओळखतं. आधीच्या घरमालकाकडे जाऊन खात्री करून घ्यायची आणि आठ दिवसांत चावडीवर करार लिहायचा.

"कोण जातंय चावडीच्या पायऱ्या झिजवायला!" असं म्हणून बाईंनी आपला स्वतःचाच कायदा केला. दाराशी पाटी लावली आणि तिच्यावर सतरा अटी लिहिल्या. फोडणीचा वास येता कामा नये. विहिरीवर रहाट वाजता कामा नये. पाहुणा नको, पोर नको, भिंतीत खिळा नको. मोठ्याने बोलणं नको आणि हसणं तर नकोच नको.

पहिल्यांदा एक विणकर आला. "माग फक्त दिवसा चालवीन, काकू," तो म्हणाला. "खटखट नको," म्हणून बाईंनी त्याला वाटेला लावलं. मग दोन मुलींना घेऊन एक मास्तरीणबाई आल्या. मुली अंगणातच लंगडी घालू लागल्या, तेव्हा त्याही गेल्या. शेवटी एक सुईण आली.

"सगळा कसबा ओळखतो मला. कुणालाही विचारा," ती म्हणाली.

"ओळखतो ना? म्हणून तर नको. उद्या सगळा कसबा माझ्या दारात उभा राहायचा!"

त्याच दुपारी एक राखाडी कपड्यांतला गृहस्थ आला. सामान नाही, पायात वहाणा नाहीत. बाईंनी अंगण नुकतंच सारवलं होतं. ओल्या सारवणावरून तो पायरीपर्यंत चालत आला आणि मागे एकही पाऊल उमटलं नाही. दुसऱ्या कुणाच्या अंगावर काटा आला असता. बाईंना मात्र वाटलं, किती हलक्या पायाचा माणूस आहे!

"स्वयंपाक करणार?"

"नाही."

"पाणी किती लागेल?"

"लागत नाही."

"पैपाहुणे?"

"माझं कोणी उरलेलं नाही."

सतराच्या सतरा अटी त्याने कबूल केल्या. बाईंना आनंद मावेना. नावगाव विचारायचंही त्यांना सुचलं नाही.

"माझी मात्र एकच अट आहे," तो म्हणाला. "घर एक, तर अटीही एक. ज्या माडीला, त्याच खाली."

"अहो, मी मुळातच शिस्तीची आहे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी माडीची किल्ली त्याच्या हातात ठेवली. त्याचा हात थंडगार होता.

दोन दिवस वरून टाचणी पडल्याचाही आवाज आला नाही. तिसऱ्या दिवशी बाईंनी तेलात मोहरी टाकली. ती तडतडली नाही. हिंग टाकला, तर वास नाही. विहिरीवर गेल्या, तर रहाट वाजला नाही आणि पोहरा कोरडाच वर आला. शेजारीण हळदीकुंकवाचं बोलावणं करत घरोघर फिरत होती. ती बाईंच्या दारावरून अशी गेली, जणू तिथे नुसती भिंत आहे. बाईंनी हाक मारली. हाक जेमतेम उंबऱ्यापर्यंत पोहोचली.

आता बाई मनातून पुरत्या घाबरल्या. माडीवर जाऊन म्हणाल्या, "मला खोल्या रिकाम्या करून हव्यात."

तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. "मी एक तरी अट मोडली का?"

"नाही."

"मग का रिकाम्या करू?"

बाई तडक चावडीवर गेल्या. तिथला कारकून दोनदा म्हणाला, "जरा मोठ्याने बोला." मग त्याने घर रिकामं करण्याच्या हुकमाचा कागद पुढे ओढला. "भाडेकरूचं नाव?"

"नाही विचारलं."

"आधी कुठे राहत होता?"

"तेही नाही विचारलं. पण मी सतरा अटी घातल्या होत्या हो!"

"अटी सांगितल्यात, बाई. विचारलंत काय?" कारकुनाने टाक खाली ठेवला. "नाव नाही, गाव नाही, करार नाही. हुकूम काढू कुणावर? जा, निदान आता तरी विचारून या."

कारकुनाचं खरं होतं. चूक आपली आहे, हे बाईंना कळलं आणि त्यांना रडू आलं. पण घर सोडून जाणार कुठे? त्या परत आल्या. तो जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा होता.

"आधी कुठे राहत होतात?" बाईंनी विचारलं. आवाज अगदी कुजबुजीएवढा निघाला.

"याच गल्लीत. ते कोपऱ्यावरचं बंद घर आहे ना, तिथे. त्याच्या आधी त्याच्या शेजारच्या बंद घरात."

"तिथली माणसं तर गाव सोडून गेली म्हणतात!"

"कुठेही गेली नाहीत," तो शांतपणे म्हणाला. "आतच आहेत. फक्त आवाज करत नाहीत."

बाई दाराकडे धावल्या. त्यांचे पाय जमिनीवर वाजले नाहीत. तेवढ्यात बाहेर एक सासू आणि तिची सून येऊन थांबल्या. त्या खोली शोधत होत्या. सुनेने कडी वाजवली.

"या! आत या! हवा तेवढा गोंधळ घाला, फोडण्या घाला, पोरंबाळं आणा, पण या!" बाई जिवाच्या आकांताने ओरडल्या.

"अगं, चल पुढे," सासू म्हणाली. "इथे कोणी राहत नाही वाटतं."

तात्पर्य: घर देताना येणाऱ्याची चौकशी नीट करावी, पण त्याचं माणूसपण नाकारू नये. ज्या घराला माणसाची वर्दळ सोसत नाही, ते घर शेवटी आपल्या मालकालाही माणसात ठेवत नाही.