ज्याला कुणी धरेना

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नावही आता कुणाला धड सांगता येत नाही. त्या राजाच्या मुलखात, नदीच्या एका वळणावर एक तालीम होती. तिथली कुस्ती जगावेगळी. इतर ठिकाणी पाठ मातीला लागली की कुस्ती संपते; इथे ती तेव्हा कुठे सुरू व्हायची. दोघे गडी मातीत लोळत, एकमेकांच्या हातापायांना विळखे घालत, आणि शेवटी एकाचा सांधा दुसऱ्याच्या पकडीत सापडे.

मग काय, मोडायचा तो सांधा? छे, छे! तालीम होती ती, लढाई नव्हे. ज्याचा सांधा सापडला त्याने जोडीदाराच्या अंगावर दोनदा चापटी मारायची. चापटी पडली की धरणाऱ्याने तत्क्षणी सोडायचं. मग दोघांनी उठायचं, एकमेकांच्या पाठीची माती पुसायची आणि पुन्हा भिडायचं. लहानथोर सगळे दिवसातून कितीतरी वेळा चापटी मारत. त्यात कुणालाच कमीपणा वाटत नसे.

तालमीचा आणखी एक नियम होता. शनिवारी संध्याकाळी पुढच्या आठवड्याच्या जोड्या ठरत. दोघांनीही हो म्हटलं तरच जोडी. ज्याला जोडीदार मिळाला नाही, त्याने आपलं गाठोडं उचलून तालीम सोडायची. तिथले वस्ताद म्हातारे होते, मायाळू होते, पण या बाबतीत कुणाचं ऐकत नसत. "भिंतीशी झोंबून कुस्ती येत नसते," एवढंच म्हणत.

एका सोमवारी सकाळी या तालमीत परगावचा एक तरुण गडी आला. त्याचे आईबाप तो लहान असतानाच गेले होते. कुणाच्या ओसरीवर, कुणाच्या गोठ्यात, कधी देवळात झोपून तो वाढला होता. लहानपणी तो पडला, झडला, रडला, तरी कुणी धावत येत नसे. मग त्याने रडणंच सोडून दिलं. पुढे पुढे तर आपल्याला काही दुखतच नाही, असं तो स्वतःला सांगू लागला.

वस्तादांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तालमीतला एक कोपरा दाखवून म्हणाले, "इथंच राहा, पोरा." असं त्याला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. त्याने तिथल्या तिथे ठरवलं, की काही झालं तरी ही जागा सोडायची नाही. आणि जागा सोडायची नसेल तर हरायचं नाही. हे दुसरं त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. त्याचं त्यानेच ठरवलं.

नव्या गड्याने पहिल्या आठवड्यात मिळेल त्याच्याशी खेळायचं, अशी तिथली रीत होती. सोमवारी त्याची गाठ एका नावाड्याशी पडली. वल्ही मारून मारून नावाड्याचे दंड टणक झालेले. त्याने बघता बघता गड्याचा खांदा पकडीत घेतला. गड्याने दात आवळले, डोळे मिटले, पण चापटी काही मारली नाही. नावाड्याने जरा वाट पाहिली, आणखी जरासं ताणलं, आणि मग आपणच हात सोडून दिला. "झालं," म्हणाला, आणि पाणी प्यायला निघून गेला.

आता आपल्या गड्याला काय वाटलं असेल? त्याला वाटलं, आपण जिंकलो!

मंगळवारी एका मेंढपाळाने त्याच्या मानेला विळखा घातला. गड्याचा चेहरा जांभळा पडला, तरी त्याचा हात हलेना. शेवटी मेंढपाळच घाबरून बाजूला झाला आणि पुन्हा काही त्याच्याकडे फिरकला नाही. गड्याने मनातल्या मनात मिशीवर ताव दिला. मिशी अजून धड फुटलीही नव्हती, ती गोष्ट वेगळी.

बुधवारी समोर आला गावचा कुंभार. गड्याहून वयाने चार वर्षं मोठा आणि स्वभावाने अगदी मऊ. पण त्याच्या बोटांत मोठी ताकद. त्याने गड्याचा उजवा हात आपल्या मांड्यांमध्ये धरला आणि कोपर हळूहळू उलटं ताणलं. थांबला. गड्याच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे काहीच दिसेना, म्हणून त्याने आणखी थोडं ताणलं. तेवढ्यात कोपरातून कट्ट असा आवाज झाला. चटका बसावा तसे कुंभाराने हात मागे घेतले.

"लागलं का रे?"

"छे! मला काय होतंय?" गडी म्हणाला, आणि उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. डोळ्यांत आलेलं पाणी कुणाला दिसू नये म्हणून.

गुरुवारी त्याच्याशी भिडायला कुणी पुढे आलं नाही. शुक्रवारीही नाही. सगळे आपापसात खेळत, हसत, एकमेकांच्या पाठी पुसत, आणि दिवेलागणीला आपापल्या घरी जात. हा एका कडेला बसून बघत राही. दिवसभर तो स्वतःला समजावत असे, की सगळे आपल्या ताकदीला घाबरले. पण संध्याकाळी तालीम रिकामी झाली की हे समाधान पुरत नसे. उजवा हात तोंडापर्यंत जात नव्हता, म्हणून डाव्या हाताने कशीबशी भाकरी मोडून तो खाई. पाठीवर वाळलेली माती खाजवे, तेव्हा तालमीच्या खांबाला पाठ घासून घेई. नदीच्या घाटावरून गड्यांचं हसणं ऐकू येई. त्याला फार फार एकटं वाटे. देवळात एकट्याने झोपतानाही त्याला कधी इतकं एकटं वाटलं नव्हतं.

शनिवारची संध्याकाळ आली. वस्ताद मधोमध बसले. नावाडी उठून मेंढपाळाशेजारी बसला. एकाने दुसऱ्याचं नाव घेतलं, दुसऱ्याने मान डोलावली, असं करत करत जोड्या ठरल्या. कुंभारालाही त्याचा जुना जोडीदार मिळाला. शेवटी परगावचा गडी एकटाच उभा राहिला.

"पोरा," वस्ताद म्हणाले, "उद्या सकाळी गाठोडं बांध."

"वस्ताद, मी एकदाही हरलो नाही!"

"पाहिलंय मी. पण जोडी मी ठरवत नाही, बाळा. ज्यानं तुला धरायचं, त्यानं हो म्हणायला पाहिजे."

गडी बाहेर पडला. पाय नेतील तिकडे चालत असताना तो कुंभाराच्या अंगणापाशी येऊन थांबला. कुंभार चाकावर बसला होता. त्याने मातीचा गोळा चाकावर ठेवला, चाक फिरवलं, पण गोळा काही मधोमध बसेना. डुगडुगे आणि एका बाजूला कलंडे. कुंभाराने तो मोडला, पुन्हा ठेवला, पुन्हा मोडला. त्याची बोटं थरथरत होती.

"दादा," गडी म्हणाला, "सगळे मला का टाळतात? मी कुणाला कधी इजा केली?"

कुंभाराने चाक थांबवलं. "बुधवारपास्नं एक मडकं नीट उतरलं न्हाई माझ्या हातनं," तो म्हणाला. "डोळा मिटला की तुझ्या कोपराचा आवाज येतो. आरं, मी तुला किती ताणायचं, हे मला कसं कळावं? तू तर तोंडानं बोलत न्हाईस, हातानं सांगत न्हाईस. दुसरा चापटी मारतो, मग मी बिनघोर जोर लावतो. तुला धरलं की वाटतं, आता ह्याचा हात माझ्या हातानं मोडणार. म्हणून भीती वाटते तुला धरायची. सगळ्यांना तीच भीती वाटते."

लोक आपल्या ताकदीला भितात, असं तो चार दिवस समजत होता. आपण सोसलं तर ते आपल्यापुरतं राहतं, असं तर तो जन्मभर समजत आला होता. आणि इथे त्याचं न सांगितलेलं दुखणं दुसऱ्याच माणसाच्या बोटांत थरथरत होतं.

तो निघण्यासाठी वळला. दोन पावलं गेला. मग तिथेच पाठमोरा थांबला. एकच शब्द बोलायचा होता. एवढा दांडगा गडी, पण त्या एका शब्दासाठी त्याला अंगातली सगळी ताकद लावावी लागली.

"दादा, दुखतंय."

"काय?"

"कोपर. बुधवारपासून दुखतंय. घास तोंडाशी नेता येत नाही. कुणाला सांगितलं नाही."

"आरं देवा! मग सांगायचं न्हाई व्हय?" कुंभार चाक सोडून धावत आला. मातीने भरलेल्या हातांनीच त्याने गड्याला ओढून ओट्यावर बसवलं. घरातल्यांना हाका मारल्या. मडकी भाजायच्या आव्याजवळचं एक गरम खापर फडक्यात गुंडाळून तो सुजलेलं कोपर शेकू लागला, आणि शेकता शेकता त्याला रागावूही लागला. गडी मान खाली घालून ते रागावणं ऐकत होता. त्याला हुंदका आला. या खेपेला त्याने तोंड फिरवलं नाही.

सकाळी कुंभार त्याला घेऊन तालमीत गेला. "वस्ताद, माझा जुना जोडीदार समजूतदार हाय, तो आमच्यासंगं तिसरा राहील," तो म्हणाला. "ह्या आठवड्याला माझी जोडी ह्याच्याशीबी."

"अरे, त्याचा हात तर गळ्यात बांधलाय!"

"बरा होईस्तोवर बसंल माझ्याशेजारी. त्यानं हो म्हटलंय, मीबी हो म्हणतोय."

वस्तादांनी गाठोड्याकडे बोट दाखवलं आणि ते पुन्हा कोपऱ्यात ठेवायला सांगितलं.

हात बरा व्हायला बरेच दिवस लागले. मग एका सकाळी दोघे मातीत उतरले. थोडी झटापट झाली आणि कुंभाराने त्याचा हात पकडीत घेतला. पण अजून जोरही लावला नव्हता, तोच त्याच्या मांडीवर दोनदा चापटी पडली. कुंभाराने झटकन हात सोडला आणि तो हसू लागला.

"आरं, अजून ताणलंच कुठं होतं मी?"

"माहीत आहे, दादा," गडी म्हणाला. "सांगितलं की सोडतोस का, ते पाहिलं."

बोध हा, की आपलं दुखणं जो कुणालाच कळू देत नाही, त्याला जवळ करायचं धाडस कुणालाच होत नाही.